प्रकृती कळली, पण चर्चगेटपर्यंत धरून ठेवायचं त्याचं काय?

संपादक महोदय, स. न.

रविवारच्या पुरवणीत वात-पित्त-कफ ओळखायचा तक्ता आला होता, तो आमच्या लेडीज डब्यात इतका फिरला की अंधेरी येईस्तोवर सगळ्याजणी एकमेकींना तू पित्तवाली, मी कफवाली करत होत्या. मजा आली, पण प्रकृती जन्मतःच ठरते असं आयुर्वेदच सांगतो हो, ती बॅलन्स करून बदलायची गोष्ट नाही. बिघडतात ते दोष, म्हणजे हेच वात-पित्त-कफ, आणि ते ऋतू, वय, जेवणाची वेळ असं सगळं बघून बिघडतात. आता ही ऑक्टोबर हीट घ्या, पावसाळ्यात साठलेलं पित्त शरदात उसळतं, आणि आमच्यातली एक तक्त्यात कफ आला म्हणून दिवसातून तीनदा आलं-मिरीचा काढा मारतेय, तोंड येणार नाही तर काय! मधाचंही तेच, गरम मध नको हे चरकसंहितेत, आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात, आहे तरी उकळत्या पाण्यात मध-लिंबू चालूच.

पण मला बोलायचंय ते वेगळंच. त्याच चरकसंहितेत वेग, म्हणजे शरीराला आपोआप येणाऱ्या हाका, रोखू नयेत यावर आख्खा अध्याय आहे, तेरा वेग सांगितलेत, लघवी, शौच, शिंक, भूक, तहान, झोप वगैरे. आणि इथे विरारची बाई पहाटे साडेचारला उठून डबे भरते, निघताना पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही कारण दीड तास उभं राहायचंय आणि उतरल्यावर स्टेशनवरच्या टॉयलेटमध्ये पाय ठेववत नाही. म्हणजे झोप, तहान, लघवी सगळं साडेनवाच्या आत दाबून झालं, वर ऑफिसात उपाशीपोटी कटिंग. आता असं दाबून दाबून बिघडलेला हिचा वात कुठल्या हर्बल टीने खाली बसणार, सांगा.

जमण्यासारखं बरंच आहे खरं तर. आयुर्वेदाचाच दुसरा जुना ग्रंथकार वाग्भट, त्याने रोज अंगाला तेल लावा म्हटलंय, पण खास करून डोकं, कान आणि तळपाय, तेवढं तर होतं ना! मी झोपताना तळपायांना कोमट खोबरेल चोळते आणि चादरीला डाग नकोत म्हणून जुने मोजे चढवते, नवरा हसतो, हसू दे. रात्री दही बंद, ताक दुपारच्या डब्यात. अर्धं पोट जेवण, पाव पाणी, पाव रिकामं हाही जुनाच हिशोब, त्याला पैसे पडत नाहीत.

तेव्हा पुढच्या वेळी तक्त्याऐवजी रात्री दहाला घरी पोचणाऱ्यांनी काय नि किती खावं ते एखाद्या वैद्यांकडून लिहून घ्या, आणि स्टेशनवरच्या बायकांच्या टॉयलेटची बातमी शहराच्या पानावर कोपऱ्यात न टाकता आरोग्याच्या पानावर छापा.

– एक वाचक, दहिसर, मुंबई