सई, तुझं नाव अजून मतदार यादीत नाहीये

प्रिय सई,

काल फोनवर तू म्हणालीस "आई, विधानसभा २०२९ ला आहे, आत्तापासून कशाला मागे लागतेस" आणि मेसची वेळ झाली म्हणून फोन ठेवलास. मग मी ठरवलं की हे फोनवर नको, नीट लिहूनच पाठवावं. ओटा आवरलाय, बाबा झोपलेत, आता शांतपणे टाइप करतेय. लांब होईल पण पूर्ण वाच.

तुला २० नोव्हेंबर २०२४ आठवतोय ना, मागच्या विधानसभेचा दिवस? तू सोळा वर्षांची होतीस, मी सकाळी पाच वाजता सहकारनगरला शाळेत ड्युटीला गेले होते आणि दुपारी तू वडगाव बुद्रुकहून माझा डबा घेऊन आलीस. गेटपाशी एक काका माझ्याशी मोठ्या आवाजात बोलत होते. तू घरी आल्यावर विचारलंस ते एवढे का चिडले होते, आणि मी म्हटलं नंतर सांगते. ते नंतर राहूनच गेलं, आज सांगते.

त्या काकांच्या हातात मतदान ओळखपत्र होतं, जुनं, प्लास्टिकच्या पाऊचमध्ये जपून ठेवलेलं. वीस-बावीस वर्षं ते त्याच शाळेत मत देत होते. त्यांची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली, सगळी बिऱ्हाडं इकडेतिकडे भाड्याने पांगली. मी बीएलओ, म्हणजे त्या भागाची मतदार यादी सांभाळणारी, म्हणून घरोघरी पडताळणीला गेले तेव्हा त्या प्लॉटभोवती निळे पत्रे लावलेले, आत खड्डा, वॉचमन म्हणाला सगळे गेले सोडून. तीन वेळा गेले, शेजारच्या बिल्डिंगमध्ये विचारलं, कोणाकडे नंबर नाही. शेवटी स्थलांतरित असा शेरा मारून रिपोर्ट दिला. नियमाप्रमाणे नोटीस निघाली, ती गेली जुन्या पत्त्यावर, म्हणजे त्या खड्ड्याच्या पत्त्यावर, आणि नाव वगळलं गेलं. मतदानाच्या दिवशी काका रांगेत उभं राहून आत पोचले तेव्हा कळलं की यादीत नाव नाही. मला म्हणाले, "मॅडम, भाड्याने राहतोय तरी घर माझं इथलंच आहे ना." मी काय सांगणार होते, त्या दिवशी कोणीच काही करू शकत नाही, साहेबसुद्धा नाहीत. त्यांनी कार्ड परत पाऊचमध्ये घातलं, खिशात ठेवलं आणि गेले. तो शेरा माझ्या हाताचा होता सई, तो नियमाने बरोबर होता तरी मला अजून लागतो.

म्हणून सांगते, कार्ड असणं वेगळं आणि यादीत नाव असणं वेगळं. मत यादीवर मिळतं. त्याच दिवशी एक मुलगी आजीला घेऊन आली होती, नवीन कुर्ता, केस छान बांधलेले, आजीने मत दिलं आणि ही बाहेर माझ्या टेबलापाशी उभी. तिला वाटलं होतं अठरा पूर्ण झाले, आधार कार्ड आहे, म्हणजे नाव आपोआप लागतं. आपोआप काहीच होत नाही गं, फॉर्म भरावाच लागतो.

आता तुझं बघू. ९ ऑगस्टला तुला अठरा पूर्ण झाले. पूर्वी फक्त १ जानेवारीला अठरा पूर्ण असतील तरच नाव लागायचं, आता वर्षात चार तारखा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. म्हणजे तुझी १ ऑक्टोबर. खरं तर सतरा पूर्ण झाले की ॲडव्हान्समध्येच अर्ज करता येतो, बारावीच्या गडबडीत मी तो राहू दिला, ती चूक माझी. आणि २०२९ लांब आहे म्हणतेस तर ऐक, इलेक्शन जाहीर झालं की सगळे जागे होतात. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख गेली की त्या निवडणुकीसाठी यादी बंद होते, आणि पडताळणीला वेळ लागतो म्हणून त्याच्या किमान दहा दिवस आधी अर्ज पोचलेला लागतो. त्या आठवड्यात आमच्याकडे अर्जांचा नुसता पूर येतो, एका फोटोचं तोंड दिसत नाही, एकाचा पत्ता अर्धा. तेव्हा दुरुस्तीला वेळच उरत नाही. शिवाय महापालिकेची यादीसुद्धा विधानसभेच्याच यादीवरून बनते, म्हणजे आत्ता नाव लागलं की तिथेही लागलं.

कोल्हापूरला नाव लावायचं की पुण्याला, हे तू विचारलं होतंस. होस्टेलवर राहणाऱ्या विद्यार्थ्याला दोन्ही चालतं, तिथलं नाव लावायचं तर कॉलेजकडून तू तिथे राहतेस आणि शिकतेस असं लिहून घ्यावं लागतं. पण एकाच ठिकाणी हं. दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्याने चालत नाही आणि फॉर्मवर खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते, "असू दे की दोन्हीकडे" असं म्हणणाऱ्या मैत्रिणींचं ऐकू नकोस. माझं मत विचारशील तर पुण्यालाच लाव. तुझी रूम दर वर्षी बदलते आणि २०२९ पर्यंत तुझी डिग्री होऊन तू तिथून निघालेली असशील, मग परत पत्ता बदला. पण तुला कोल्हापूर आपलं वाटत असेल आणि तिथल्या आमदाराला तुला काही विचारायचं असेल तर माझी हरकत नाही, तूच ठरव.

फॉर्म नंबर ६ भरायचा, नवीन मतदारासाठी तोच. ऑनलाइन होतो, इलेक्शन कमिशनच्या पोर्टलवर, व्होटर्स डॉट ईसीआय डॉट जीओव्ही डॉट इन, मोबाइल नंबर टाकून ओटीपीने लॉगिन. कुठेही एक रुपया लागत नाही, कोणी एजंट पैसे मागितले तर देऊ नकोस. आधी महाराष्ट्र, मग पुणे जिल्हा, मग मतदारसंघ पर्वती. इथे थांब आणि बघून कर, कारण वडगावला होतो तेव्हा आपण खडकवासल्यात होतो आणि मे महिन्यात सहकारनगरला आलो तेव्हापासून पर्वतीत आहोत, शहरात आठ मतदारसंघ आहेत आणि चुकीचा निवडला की अर्ज भलतीकडेच जातो.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, तुझं नाव. इंग्रजीत तू एस ए आय टाइप केलंस की शेजारच्या मराठीच्या चौकटीत आपोआप "साई" येईल. मी आत्ता मुद्दाम करून पाहिलं, साईच येतंय. ते तसंच ठेवून पुढे गेलीस तर यादीत साई छापलं जाणार, कार्डावर साई येणार आणि मग दुरुस्तीसाठी फॉर्म ८ भरत बसायचं. ते खोडून मराठी कीबोर्डने स च्या पुढे सुटी दीर्घ ई टाइप कर, सई. बाबांचं नाव, आडनाव, सोसायटीचं नाव, सगळं मराठीतलं अक्षर न् अक्षर वाच. माझ्या यादी भागात हजारावर नावं आहेत आणि त्यात "सुनील" चा "सुनिल" आणि "शेख" चा "शेक" झालेले किती आहेत, लोक कार्ड हातात आल्यावर बघतात.

या नावाच्या बाबतीत मी एवढी का हट्टी आहे ते पण सांगते. १९५१-५२ ला देशाची पहिली निवडणूक झाली, सुकुमार सेन मुख्य निवडणूक आयुक्त होते. तेव्हा उत्तरेकडच्या काही राज्यांत लाखो बायकांनी यादी करणाऱ्यांना स्वतःचं नाव सांगितलंच नाही, अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच सांगितलं. तशी नोंद चालणार नाही असं ठरलं आणि जवळपास २८ लाख बायकांची नावं वगळली गेली. मत द्यायचा हक्क होता, पण कागदावर नाव नव्हतं म्हणून गेला. मी आजही दारावर गेले आणि सासूबाई म्हणाल्या की "सुनेचं लिहा आमच्या विक्रांतची बायको" तर मी सुनेलाच बाहेर बोलावते आणि विचारते, ताई तुमचं नाव काय.

कागद फार लागत नाहीत. पासपोर्ट साइज फोटो, पांढऱ्या बॅकग्राउंडचा, चेहरा समोर, सेल्फी नको. वयासाठी जन्मदाखला किंवा दहावीचं बोर्डाचं सर्टिफिकेट किंवा आधार. पत्त्यासाठी तुझ्या आधारवर अजून वडगावचा पत्ता आहे, तो टाकू नकोस, त्याऐवजी या फ्लॅटचं रजिस्टर्ड खरेदीखत जोड, ते आईवडलांच्या नावावर असलं तरी चालतं, मी पीडीएफ पाठवते. घरातल्या एका मतदाराचा एपिक नंबर, म्हणजे मतदान ओळखपत्रावरचा नंबर, विचारतील, माझा टाक, मी जूनमध्येच माझं नाव इकडे आणलंय.

सबमिट झाल्यावर एक रेफरन्स नंबर येतो, तो जपून ठेव, त्यावरून अर्ज कुठवर आलाय ते दिसतं. मग अर्ज इथल्या बीएलओकडे जातो, माझ्याकडे नाही कारण आपली बिल्डिंग माझ्या भागात नाही, त्या ताई घरी येतील, मी असेनच. हरकतींसाठी सात दिवस यादी लावतात आणि सगळं ठीक असेल तर नाव लागतं, कार्ड पोस्टाने येतं, पीडीएफ डाउनलोडही होतं. काही अडलं तर १९५० ला फोन लाव.

बाबांचं अजून व्हायचंय. त्यांचं नाव अजून वडगावलाच आहे आणि म्हणतात त्या दिवशी स्कूटरवर जाऊन येईन. पण आपण जिथे राहतो तिथेच नाव पाहिजे, आणि उद्या तिकडचा बीएलओ दारात येऊन गेला आणि शेजारच्या काकूंनी सांगितलं की ते गेले सोडून, की पत्र्याआडच्या त्या काकांसारखंच होणार. त्यांना फॉर्म ८ भरायचाय, पत्ता बदलायला तोच लागतो. तू सांगितलंस तर ऐकतील, माझं ऐकत नाहीयेत.

मतदानाच्या दिवसाचं थोडक्यात सांगते, तेव्हा परत सांगेनच. कार्ड नसलं तरी आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट असं चालतं, पण नुसती घरी आलेली व्होटर स्लिप ओळखपत्र म्हणून चालत नाही. मोबाइल आत नेता येत नाही. पहिल्या टेबलवर नाव मोठ्याने वाचतात, ते उमेदवारांच्या एजंटांना ऐकू जावं म्हणून. दुसऱ्यावर सही आणि डाव्या हाताच्या तर्जनीला शाई, ती म्हैसूरच्या कारखान्यात बनते. तिसऱ्यावर चिठ्ठी दिली की ते मशीन चालू करतात आणि मग आडोशाला तू एकटी. निळं बटण दाब, लाल दिवा लागेल आणि शेजारच्या व्हीव्हीपॅट यंत्राच्या काचेत तुझ्या मताची छापील चिठ्ठी दिसेल, फक्त सात सेकंद, तेवढ्यात नाव आणि चिन्ह बघून घे, बीप वाजेपर्यंत हलू नकोस. कोणीच पटलं नाही तर शेवटचं बटण नोटाचं. आणि समजा तुझ्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलंय असं सांगितलं तर रडत घरी यायचं नाही, केंद्राध्यक्षांना म्हणायचं मला प्रदत्त मत द्यायचंय, ओळख पटली की ते कागदी मतपत्रिका देतात. हे फार कमी जणांना माहीत असतं. मागच्या वेळी सकाळी ७ ते संध्याकाळी ६ वेळ होती, ६ ला जे रांगेत असतात त्या सगळ्यांना मत देता येतं, कितीही वाजले तरी.

कोणाला द्यायचं ते मी सांगणार नाही, बाबांनाही सांगत नाही. फक्त उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र वाच, त्यावर केसेस, संपत्ती, शिक्षण सगळं असतं आणि ते ऑनलाइन कोणालाही बघता येतं. राज्याचं इलेक्शन म्हणजे काय असं तुला वाटत असेल तर स्वारगेटवरून कोल्हापूरची एसटी पकडतेस तेव्हा तुझं अर्धं तिकीट फाडतात ना, तो १७ मार्च २०२३ पासूनचा राज्य सरकारचा निर्णय. तुझ्या रूममेटची फी माफ झाली, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींसाठी, तोही राज्याचाच. खडकवासल्याचं पाणी शहराला किती आणि शेतीला किती हे राज्याचं जलसंपदा खातं ठरवतं, रात्री तू उशिरा स्टँडवर उतरतेस तेव्हा तिथे जे पोलीस असतात तेही राज्याचे. हे सगळं ज्या २८८ जणांच्या सभेत ठरतं त्यातला एक आपला असतो, आणि तो कोण हे ठरवणाऱ्यांत आता तू पण आहेस, फक्त कागदावर यायचं बाकी आहे.

गेल्या वेळी माझं स्वतःचं मत टपाली होतं, ड्युटी होती म्हणून, मशीनचं बटण मी दाबलंच नाही. पुढच्या वेळी जमलं तर मी ड्युटीच्या आधी तुझ्याबरोबर रांगेत उभी राहीन, आजीलाही नेऊ. तिला ८५ झाली की घरून मत द्यायची सोय मिळेल पण ती म्हणते मला शाईच लावून घ्यायची आहे शाळेत जाऊन.

फोटो रविवारी काढ, कॉलेजजवळ स्टुडिओ असेल, नसेल तर होस्टेलच्या पांढऱ्या भिंतीसमोर मैत्रिणीकडून काढून घे. खरेदीखताची पीडीएफ आणि माझा एपिक नंबर व्हॉट्सॲपवर पाठवलाय. फॉर्म भरताना व्हिडिओ कॉल कर, सबमिटच्या आधी नावाची चौकट मला दाखव. आणि रेफरन्स नंबर आला की लगेच कळव, मी माझ्या डायरीत लिहून ठेवते. गणपतीत येशील तेव्हा बाबांचा फॉर्म ८ आपण दोघी मिळून बसून करून घेऊ.

तुझी आई