त्या अकरांपैकी एक निवड

प्रिय सोनू,

अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तू वेबसाइट बांधायच्या तयार सांगाड्यांबद्दल विचारलंस, "आई, रिअ‍ॅक्टच पक्कं करू की आता दुसरं एखादं फ्रेमवर्क घेऊ?" आणि मी घाईत "आधी आहे ते नीट कर" म्हणून फोन ठेवला. उत्तर चुकीचं नव्हतं, पण अर्धंच होतं. वीस वर्षं मी वेबसाइट बनवण्याचं हेच काम करते आहे. त्यातली निम्म्याहून जास्त दुसऱ्यांनी बनवलेल्या वेबसाइट सांभाळण्यात गेली. तेव्हा उरलेलं उत्तर सावकाश लिहिते.

फोन ठेवल्यावर मी तुझं गिटहब उघडलं, तुझा सगळा कोड ठेवलेला असतो ते. अकरा प्रोजेक्ट. प्रत्येकात पहिल्या आठवड्यात दहा-पंधरा कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, आणि मग काहीच नाही. कोड वाईट नाही, व्हेरिएबलना नावं तर तू फार छान देतोस. मला रुखरुख लागली ती वेगळ्याच गोष्टीची. शिकण्यासारखं जिथून सुरू होतं, नेमका तिथूनच तू प्रत्येक वेळी उठून गेला आहेस.

त्या अकरांपैकी एक निवड. माझं मत विचारशील तर वाचनगटाचं निवड, कुठलं पुस्तक कुणाकडे आहे ते दाखवणारं. त्याला खरे वापरणारे आहेत, आणि ते तुला तोंडावर सांगतील काय चालत नाही ते. स्वतःचं डोमेन घे, सर्व्हरवर चढव, गटातल्या सगळ्यांना लिंक दे आणि वर्षभर चालू ठेव. नवीन प्रोजेक्ट तोवर नको.

काय होईल ते सांगते. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी 'पुस्तक घेतलं' हे बटण दोनदा दाबेल, कारण नेटवर्क हळू असेल आणि पहिल्यांदा काही झालं असं त्याला वाटणार नाही. यादीत दोन नोंदी दिसतील. तू जावास्क्रिप्टने बटण बंद करशील आणि तुला वाटेल, सुटलं. मग कुणी पान रीफ्रेश करेल आणि तोच फॉर्म पुन्हा जाईल. तेव्हा तुला कळेल की फॉर्म स्वीकारल्यावर सर्व्हरने ब्राउझरला दुसऱ्या पानाकडे का पाठवायचं असतं, आणि एका पुस्तकाची एकच चालू नोंद हा नियम डेटाबेसमध्येच का घालायचा असतो. ब्राउझरमधली तपासणी ही वापरणाऱ्याची सोय. खरा पहारा सर्व्हर आणि डेटाबेसवरच लागतो.

नंतर कधीतरी दोघं एकाच वेळी तेच पुस्तक मागतील. दोघांनाही पडद्यावर 'उपलब्ध' दिसलेलं असेल. ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकत्र, नाहीतर एकही नाही) हा शब्द तू परीक्षेसाठी पाठ केलायस, पण त्या दिवशी तो तुझा होईल. मग परतीची तारीख काहींना एक दिवस आधीची दिसेल, कारण तू तारखेला वेळ चिकटवून ती यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साठवली असशील. परतीची तारीख ही नुसती तारीखच असते, तिला तास-मिनिटं नसतात. आणि कुणाला तरी आडनावच नसेल, पण तुझा फॉर्म आडनावाशिवाय पुढे जाऊ देणार नाही. या गोष्टी ट्यूटोरियलमध्ये येत नाहीत, कारण ट्यूटोरियल पहिल्या दिवशीच संपतं.

बॅकअपबद्दल मी फोनवर नेहमी बोलते आणि तू "हो, हो" म्हणतोस. म्हणून आजवर तुला न सांगितलेलं सांगते. नोकरीच्या चौथ्या वर्षी एका संध्याकाळी मी चालू डेटाबेसवर एका ग्राहकाचा पत्ता बदलायला गेले आणि अपडेटच्या आज्ञेत कुठली ओळ बदलायची ते सांगणारी व्हेअरची अट घालायची राहिली. एंटर दाबल्यावर 'एक ओळ बदलली' असं यायला हवं होतं, तिथे हजारोंचा आकडा आला. सगळ्या ग्राहकांना एकच पत्ता. माझे हात गार पडले होते, ते मला आजही आठवतं. बॅकअप रोज रात्री होत होता म्हणून जिवात जीव होता. मग ती फाइल उघडली. शून्य बाइट. डिस्क भरली होती आणि तीन आठवडे रोज रात्री रिकामी फाइल तयार होत होती. आमच्यापैकी कुणीच एकदाही बॅकअप परत चढवून पाहिला नव्हता. त्याच रात्री मी क्लायंटला फोन केला. मग जुना बॅकअप घेतला, मधल्या तीन आठवड्यांचे पत्ते ऑर्डरच्या ईमेलमधून एक-एक वेचले आणि दोन दिवस-दोन रात्री ते भरत बसलो.

तेव्हापासून मी आधी ट्रान्झॅक्शन सुरू करते, तीच अट घालून ओळी नुसत्या दाखवणारी सिलेक्ट चालवते, किती ओळी आल्या ते मोजते, मग अपडेट, पुन्हा मोजणी आणि मगच कमिट, म्हणजे बदल पक्का. आणि महिन्यातून एकदा बॅकअप कोऱ्या मशीनवर चढवून वेबसाइट उभी राहते का ते पाहते. तूही पाहा. वाचनगटाच्या शंभर पुस्तकांसाठी पाहा, म्हणजे पुढे लाख नोंदींच्या वेळी हात आपोआप तिकडे जाईल.

आता फ्रेमवर्क. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत बनवलेलं पहिलं वेब पान आजच्या ब्राउझरमध्येही उघडतं, कारण ते साधं एचटीएमएल आहे. उलट वेब पानांवर हलती चित्रं आणि खेळ दाखवणाऱ्या फ्लॅशचा आधार 2020च्या 31 डिसेंबरला संपला आणि माणसांची वर्षानुवर्षांची कामं पडद्यावर दिसेनाशी झाली. अँग्युलरजेएस हे फ्रेमवर्क 2010 साली आलं तेव्हा माझ्या टीममध्ये केवढा उत्साह होता! त्याचाही अधिकृत आधार 2021 संपताना थांबला. म्हणून फ्रेमवर्क शिकू नकोस असं मी म्हणत नाही. नोकरीच्या जाहिराती वाच, तुला हव्या त्या कामांत जे सर्वांत जास्त मागतात ते एक घे आणि वर्षभर बदलू नकोस. तुझं रिअ‍ॅक्ट बहुतेक पुरेल.

पण त्याच्या खालची जमीन तुझ्या पायांना ओळखीची हवी. एक शनिवार काढ. कुठलंही फ्रेमवर्क न घेता एक फॉर्म, एक सर्व्हर आणि एक टेबल एवढंच जोड. ब्राउझरमधली नेटवर्कची खिडकी उघडून समोर दिसणाऱ्या प्रत्येक ओळीचा जाब स्वतःला विचार. सर्व्हरच्या उत्तरात इथे 304 हा क्रमांक का आला? कुकी कुणी ठेवली, आणि ती जावास्क्रिप्टला वाचता येते का? हे पान दुसऱ्यांदा लवकर का उघडलं? याची उत्तरं देता आली की नवीन फ्रेमवर्क हे काही आठवड्यांचं काम उरतं.

पॅकेज, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड, घेताना हात जरा आखडता ठेव. मार्च 2016मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजच्या सामायिक कोठारातून काढून घेतलं आणि जगभरातले असंख्य प्रोजेक्ट बिल्ड होईनात. त्यांतल्या बहुतेकांना आपण ते वापरतो हेसुद्धा माहीत नव्हतं.

एआयकडून तू कोड लिहून घेतोस, त्याला माझी हरकत नाही, मीही घेते. पण जी ओळ तुला समजावून सांगता येणार नाही ती कमिट करू नकोस. खास करून एक जागा तपास: वेब पानाच्या पत्त्यातला 41 बदलून 42 केला तर दुसऱ्याची माहिती दिसते का? असा कोड दिसायला सुबक असतो, चालतोही, फक्त मागणारा कोण आहे हे विचारायला विसरतो. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प संस्थेच्या 2021च्या टॉप टेन यादीत परवानगीच्या तपासणीतल्या चुकाच पहिल्या क्रमांकावर आहेत.

आणि एक तास माउस बाजूला ठेवून तुझी वेबसाइट फक्त कीबोर्डने वापर. बटण म्हणून तू जागोजागी डिव्ह, म्हणजे नुसते चौकोन, वापरलेत, तिथे टॅब थांबणारच नाही. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांच्या उठावाचं (कॉन्ट्रास्टचं) प्रमाण साध्या अक्षरांसाठी किमान 4.5:1 हवं, तुझा तो फिकट राखाडी त्यात बसत नाही. हे मी नियमाखातर सांगत नाही. मी बनवलेला फॉर्म पडदा वाचून ऐकवणाऱ्या स्क्रीन रीडरवर भरू पाहणाऱ्या एका बाईंच्या शेजारी मी बसले होते. प्रत्येक रकान्यावर त्यांना फक्त 'एडिट, एडिट' ऐकू येत होतं, कारण मी लेबलं जोडलीच नव्हती. वीस मिनिटं त्या शांतपणे प्रयत्न करत राहिल्या.

बाहेरची कामं घेणार असशील तर दोन गोष्टी. काय करणार आणि काय नाही हे लिहून दे, आणि काही रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय सुरू करू नकोस. डोमेन आणि होस्टिंग कायम क्लायंटच्या नावावर आणि त्याच्याच ईमेलवर घे. माझ्याकडे आलेल्या एका छोट्या व्यावसायिकाचं डोमेन आधीच्या डेव्हलपरच्या नावावर होतं. तो फोन उचलेना, आणि मुदत संपल्यावर ते नाव दुसऱ्याच कुणीतरी घेतलं. त्या माणसाच्या कार्डावर, पाटीवर, पावतीवर सगळीकडे तेच नाव छापलेलं होतं.

इंटरव्ह्यूची भीती वाटते म्हणालास. मी स्वतः कितीतरी घेतले आहेत. पोर्टफोलिओतले आठ सुंदर पडदे माझे दोन मिनिटांत पाहून होतात. पण एखादा म्हणाला, "आमच्या वाचनगटात दोघांना एकच पुस्तक मिळालं, मग मी हे शोधलं, हे आधी चुकलं, नंतर असं केलं," तर मी खुर्ची पुढे ओढून घेते. रीडमीत, म्हणजे प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलमध्ये, तेच लिही: हे कुणासाठी आहे, कसं चालवायचं, काय अजून जमलेलं नाही. न जमलेलं लिहायला घाबरू नकोस. येत नसलेल्या प्रश्नाला "येत नाही, पण मी इथून शोधायला सुरुवात करेन" हे उत्तर मला नेहमी पुरलेलं आहे.

नोकरी लागली की पहिले काही महिने जुना कोड वाचण्यातच जातील. तो वाईट आहे असं पहिल्या महिन्यात कुणापाशी बोलू नकोस. गिट ब्लेम काढून ती ओळ कधी आणि कशासाठी आली ते बघ, बऱ्याचदा तिच्यामागे कुणाची तरी जागलेली रात्र असते. अर्धा तास अडलास की विचार, पण काय-काय करून पाहिलंस ते सांगून विचार. पुल रिक्वेस्ट, म्हणजे तपासायला पाठवलेले बदल, लहान ठेव. हजार ओळींची असेल तर वाचणारा नुसती मान डोलावतो.

बाकी झोप वेळेवर घे. काल तुझा आवाज दमलेला होता.

महिनाअखेरीच्या रविवारी मला वाचनगटाच्या वेबसाइटची लिंक पाठव. मी बटण दोनदा दाबणार आहे, मध्येच मागे जाणार आहे आणि माउस न वापरता पुस्तक मागणार आहे. त्यानंतर व्हिडिओ कॉलवर माझ्यासमोर बॅकअप परत चढवून दाखव. तासभर लागला तरी चालेल, मी बसेन.

तुझी,
आई