दत्ता, गाडी विकू नकोस

लातूर, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय दत्ता,

तुझं पत्र परवा मिळालं. गाडीवर चाळीस हजार घालावेत की ती विकून टाकावी, असं विचारलंयस. विकू नकोस. २०१३ ची पेट्रोल गाडी आहे, इंजिन ऑइल खात नाही, नोंदणीची पंधरा वर्षं २०२८ ला पुरी होतील. आणि मावशींना परभणीहून अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं म्हणजे घरची गाडी लागतेच. हे चाळीस हजार कुठं घालायचे, तेवढं नीट ठरवू.

पहिला खर्च टायरचा. नक्षी अजून शिल्लक आहे म्हणतोस, पण आपल्याकडं टायर घासून संपण्याआधी उन्हानं मरतात. टायरच्या कडेला चार आकडी शिक्का असतो, तो बघ. पहिले दोन आकडे आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. ‘३२१८’ असेल तर टायर २०१८ च्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झालेलं. कडेला बारीक भेगा दिसायला लागल्या असतील तर नक्षी कितीही असू दे, बदलूनच टाक. नवीन घेतानाही दुकानदाराला तो शिक्का दाखवायला लाव, जुना माल माथी मारून घेऊ नकोस. माझ्या गाडीची चार टायरं, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग मिळून सोळा हजारांच्या आत झालं, आणि गाडीवर केलेल्या खर्चात हा मला सगळ्यात पटलेला. पहिल्या पावसात ब्रेक मारला तेव्हाच फरक कळला. हवा मात्र सकाळी, टायर थंड असताना बघत जा. नायट्रोजनसाठी जास्तीचे पैसे देऊ नकोस. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

आता उजेडाचं. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण गंगाखेड–परळी रस्त्यानं तू अंधार पडल्यावर परततोस आणि कारखान्यांचा हंगाम सुरू झालाय. उसानं भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, समोरून कुणी अप्पर मारत आलेला. अशा वेळी ट्रॉली पन्नास फुटांवर दिसली काय आणि दीडशे फुटांवर दिसली काय, सगळा फरक तेवढ्यातच असतो. तुझ्या गाडीच्या हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडल्यात, मी दिवाळीत बघितल्या. आधी त्या पॉलिश करून घे, काही शेकड्यांत होतं. मग वायरमनकडून दोन्ही दिव्यांना रिले (दिव्याचा जड करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच) लावून वेगळी वायरिंग ओढून घे. जुन्या गाडीत करंट बारीक वायरीतून आणि स्विचमधून जातो, त्यामुळं बल्बपर्यंत पुरतं व्होल्टेज पोचत नाही. रिले लावला की बॅटरीचा करंट थेट जातो आणि तोच ६०/५५ वॅटचा बल्ब वेगळाच उजेड देतो. दुकानात शंभर वॅटचे बल्ब नाहीतर झगमगीत एलईडी गळ्यात मारतील, ते घेऊ नकोस. हॅलोजनसाठी बनवलेल्या दिव्यात एलईडी घातला की उजेड रस्त्यावर पडायचा सोडून समोरच्याच्या डोळ्यात फाकतो. शेवटी गाडी भिंतीसमोर लावून दिव्यांचा कोन बसवून घे. एवढं सगळं दोन-अडीच हजारांत होतं.

तिसरा खर्च कूलिंगचा. मे महिन्यात पारा ४२ च्या वर, एसी चालू, आणि परळी सोडली की बालाघाटाचा चढ. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालायची सवय आपल्याकडं घरोघर आहे. माझ्या गाडीच्या आधीच्या मालकानंही तेच केलेलं. रेडिएटर उघडला तर नळ्यांत क्षारांचे पांढरे थर. मिस्त्रीनं तो साफ केला, होज पाइप, थर्मोस्टॅट आणि झाकण बदललं, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं. खर्च पाच हजारांच्या आसपास आला. तेव्हापासून ऐन उन्हाळ्यात तुळजापूरला जाऊन येतो, इंजिनच्या तापमानाचा काटा जागचा हलत नाही. कूलंटनं पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो आणि आतलं लोखंड-ॲल्युमिनियम गंजत नाही, म्हणून नुसतं पाणी नको. बॅटरीही उन्हानंच लवकर जाते. चार वर्षं झाली असतील तर उन्हाळ्याआधी तपासून घे.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदल. ते हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि उतारावर ब्रेक तापले की त्या ओलाव्याची वाफ होऊन पेडल मऊ पडतं. काम छोटं आहे, पण गॅरेजवाला आपण सांगितल्याशिवाय करत नाही. खडखडाट येतो लिहिलंयस, तो बहुतेक चाकाजवळच्या सस्पेन्शनमधला, लिंक रॉडचा नाहीतर लोअर आर्मच्या बुशांचा (सांध्यातल्या रबरांचा). काळ्या रानातून गेलेला रस्ता पावसाळ्यात फुगतो आणि उन्हाळ्यात खचतो, तिथं बुश टिकत नाहीत. हे काम टायरच्या आधी करून घे, नाहीतर नवी टायरं एका बाजूनं घासतील.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. आपल्याच कारखान्यांच्या उसाला त्यातून भाव मिळतो, याचं मला मनापासून समाधान आहे. पण तुझी गाडी त्यासाठी बनलेली नाही. लिटरमागं इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळं ॲव्हरेज थोडं पडणारच, इंजिन बिघडलं असं समजू नकोस. जुने रबरी फ्युएल पाइप मात्र बघून घे. पेट्रोलचा वास आला तर एक दिवससुद्धा थांबू नकोस.

अलॉय व्हील, टेफ्लॉन कोटिंग, मोठा हॉर्न यांवर एक रुपया घालू नकोस. लोखंडी रिम खड्ड्यात वाकली तर ठोकून सरळ होते, अलॉय तडकते. खालून अंडरकोटिंग कर म्हणणारेही भेटतील. कोकणात खारी हवा असते, तिथं त्याचा उपयोग आहे. परभणीत ते पैसे टायरला लाव.

एक गोष्ट मात्र पैसे देऊनही बसवता येत नाही, एअरबॅग. तुझ्या गाडीत ती नाही आणि बाहेरून बसवायच्या भानगडीत पडू नकोस. म्हणून मागचे पट्टे बघ. सीट कव्हर घालताना त्यांची कुलपं बहुतेक सीटखाली दाबून टाकलेली असतात. ती वर काढ, पट्टा ओढून बघ, आणि मावशी कितीही नको म्हणाल्या तरी त्यांना लाव. ‘मागं कशाला’ म्हणतील. माझं नाव सांग, माझं ऐकतात त्या.

रान मोकळं झाल्यावर उंदीर बॉनेटमध्ये शिरतात आणि वायरी कुरतडतात. गाडी शेतात आखाड्यावर लावतोस तेव्हा बॉनेट उघडून बघत जा.

हे सगळं मिळून पस्तीस हजारांच्या आत बसायला हवं. उरलेले बाजूला ठेव, क्लच कधीतरी मागेलच. चारही टायरवरचे आकडे मला लिहून पाठव, स्टेपनीचेसुद्धा. लातूरला यायचं जमवलंस तर माझ्याच मिस्त्रीकडं काम करून घेऊ, मी दिवसभर सोबत उभा राहतो. मावशींना नमस्कार, वहिनींना आणि लेकरांना आठवण सांग.

तुझा,
विठ्ठल