शस्त्रक्रियेत माझ्या श्रवणशक्तीची राखण करणाऱ्या तंत्रज्ञ ताईंस

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

चेहऱ्याचे झटके थांबल्याबद्दल शल्यविशारदांचे आभार मी प्रत्यक्ष भेटून मानले. तुमचे आभार मानायचे राहून गेले, कारण तुमचे सारे काम मी भुलीखाली असताना झाले आणि मी शुद्धीवर येईपर्यंत तुम्ही पुढच्या रुग्णाकडे गेला होतात.

हेमिफेशियल स्पॅझममध्ये, म्हणजे चेहऱ्याच्या एका बाजूला झटके येण्याच्या या आजारात, मेंदूच्या खोडापाशी एखादी रक्तवाहिनी चेहऱ्याच्या नसेवर दाबते आणि ती अलगद दूर करून मध्ये टेफ्लॉनचा लहानसा बोळा ठेवतात, एवढे मला ठाऊक होते. पण ऐकण्याची नस चेहऱ्याच्या नसेला अगदी लगटून जाते, आणि वाट करण्यासाठी लहान मेंदू किंचित बाजूला सारला तरी त्या नसेवर ताण येऊ शकतो, हे कळल्यावर माझा धीर सुटला. आदल्या दिवशी तुम्ही माझ्याजवळ बसलात, कानात घालायचा मऊ स्पंजचा इअरफोन माझ्या हातात दिलात आणि त्यातून येणारी टकटक मला ऐकवलीत. प्रत्येक आवाजानंतर १० मिलिसेकंदांच्या आत ऐकण्याच्या नसेत आणि मेंदूच्या खोडात उमटणाऱ्या विद्युत लहरींपैकी पाचवीवर तुमची नजर असेल, ती १ मिलिसेकंदाने लांबली किंवा तिची उंची निम्म्यावर आली तर तुम्ही लगेच सांगाल, हे तुम्ही इतक्या शांतपणे समजावलेत की त्या रात्री मला झोप लागली.

या कामाची खरी कठीण बाजू मला नंतर उमगली. ही लहर इतकी क्षीण असते की शेकडो प्रतिसादांची सरासरी काढल्याशिवाय ती दिसतच नाही. शिवाय ड्रिलचा आवाज, थंड सलाईन किंवा सरकलेला इअरफोन यांनीही ती बिघडते. उगाच थांबवले तर शस्त्रक्रिया लांबते आणि उशिरा सांगितले तर कान जातो. शल्यविशारदांनी सांगितले, की लहर मागे पडू लागताच तुम्ही इअरफोन तपासलात, दुसऱ्या कानाचा आलेख ताडून पाहिलात आणि मग स्पष्ट शब्दांत थांबायला सांगितलेत. त्यांनीही लहान मेंदू बाजूला धरून ठेवणारा रिट्रॅक्टर तत्काळ सैल केला, आणि पाचवी लहर पूर्ववत होईपर्यंत कोणीही घाई केली नाही. मोठ्या डॉक्टरांना ऐन वेळी थांबा म्हणण्याचे हे धैर्य आणि ते ऐकून घेण्याची त्यांची वृत्ती, या दोन्हींची मी ऋणी आहे.

तुमच्या लहरींचे पुढे काय झाले हे तुम्हाला क्वचितच कळत असेल, म्हणून शस्त्रक्रियेनंतरच्या श्रवणचाचणीची प्रत तुमच्या विभागात ठेवली आहे. दोन्ही कानांचे आलेख पूर्वीसारखेच आहेत.

आपली कृतज्ञ,
एक रुग्ण