हव्या त्या शाखेची हमी नाही

टेक्सासमध्ये १९९७ च्या कायद्याने, हायस्कूलमध्ये वरच्या दहा टक्क्यांत येणाऱ्या मुलांना राज्याच्या सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश मिळतो. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाने मात्र २०२६ च्या प्रवेशापासून आपली मर्यादा सहावरून पाच टक्क्यांवर आणली आहे. आमच्या फ्रिजवर मुलीने कागद चिकटवलाय : ६१२ मुलांत २९ वा क्रमांक. दोघं पुढे गेले की ती बाहेर!

‘मग कॉम्प्युटर सायन्स पक्कं ना?’ असं पुण्याहून फोनवर विचारतात. नाही हो. हमी विद्यापीठाची, शाखेची नव्हे. शिवाय क्रमांक आपल्याच शाळेतला धरतात. आणि आम्ही घर घेताना चुरशीची शाळा शोधत हिंडलो होतो!

– एक पालक, ऑस्टिन