राडारोड्याला आधी गिऱ्हाईक मिळवून द्या

प्रति,
मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य

सन्माननीय मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

पुण्यात पुनर्विकासाला जोर आहे. इमारत पाडायची ठरली की पाडकामवाला सोसायटीला उलट पैसे मोजतो. सळया, ग्रिल, सागवानी चौकटी, जुने नळसुद्धा तो विकतो. उरतो तो विटा, काँक्रीट, प्लॅस्टर, फरशा यांचा ढीग. त्याला बाजारात कोणी विचारत नाही आणि वाहतुकीचं डिझेल मात्र पाडकामवाल्याच्या खिशातून जातं. कोथरूडहून वाघोलीच्या प्रक्रिया प्रकल्पाकडे जायचं म्हणजे अख्खं शहर ओलांडायचं. मुठेचं पात्र त्याहून कितीतरी जवळ. मग रात्री डंपर रिकामा होतो, सकाळी गुलाबी बाथरूमच्या फरशा आणि फुटकं कमोड काठावर दिसतं. आठवड्याभरात वर मुरूम पसरला की तिथे गॅरेज उभं राहायला जागा तयार.

25 जुलै 2024 ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा धरणाच्या विसर्गाबरोबर पात्रातल्या भरावाचीही चर्चा झाली. पुढे काय, ते आपण जाणताच.

या सगळ्यावर दंड वाढवा, भरारी पथकं नेमा, हे उपाय दरवेळी सुचवले जातात. ते करावेतच. पण माझा मुद्दा वेगळा आहे: ज्या मालाला गिऱ्हाईक आहे तो कोणी नदीत टाकत नाही. पात्रात कधी सळई सापडल्याचं ऐकलंय?

हे गिऱ्हाईक सरकारच होऊ शकतं. केंद्राच्या बांधकाम-पाडकाम कचऱ्याविषयीच्या 2016 च्या नियमांनीच महापालिका आणि सरकारी कामांत अशा कचऱ्यापासून बनलेला माल ठरावीक प्रमाणात, 10 ते 20 टक्के, सक्तीने घ्यायला सांगितलं होतं. खडी-वाळूसाठीच्या आयएस 383 या भारतीय मानकानुसार जुन्या काँक्रीटची खडी साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्क्यांपर्यंत, एम 25 या ताकदीच्या दर्जापर्यंतच्या आरसीसीत, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटमध्ये, 20 टक्क्यांपर्यंत आणि कमी सिमेंटच्या लीन काँक्रीटमध्ये तर पूर्ण 100 टक्के चालते. पदपथाचे ब्लॉक, कर्ब, रस्त्याखालचा भराव यांना तर ताकदीचा प्रश्नही फारसा येत नाही. दिल्लीत बुराडीचा राडारोडा प्रक्रिया प्रकल्प 2009 पासून आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या विस्तारित इमारतीत राडारोड्यापासून बनलेले ब्लॉक वापरले गेले आहेत. तेव्हा "माल कच्चा असतो" ही सबब आता पुरे.

माल कच्चा निघतो तो वेगळ्या कारणाने. जेसीबी सगळं एकत्र ओढतो, पीओपी आणि माती काँक्रीटमध्ये मिसळते. पीओपीतलं जिप्सम सिमेंटला घातक. वेगळं करायचं ते साइटवरच. प्रकल्पात पोहोचल्यावर ते महाग पडतं.

याच कचऱ्याविषयीचे केंद्राचे 2025 चे नवे नियम 1 एप्रिल 2026 पासून लागू होतात, पण त्यातली उत्पादकाची, म्हणजे कचरा निर्माण करणाऱ्या बांधकामदाराची, जबाबदारी 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामांवर आहे. तीन-चार मजल्यांच्या सोसायट्या आणि पेठांमधले वाडे यात सहसा बसणार नाहीत. त्यांच्यासाठी राज्याने स्वतःची अट घालावी: पाडकामाची परवानगी देतानाच अंदाजे वजन नोंदवावं आणि प्रकल्पाची वजनपावती दाखवल्याशिवाय नव्या इमारतीला भोगवटापत्र देऊ नये. शिवाय शहराच्या पश्चिमेलाही संकलन केंद्र हवं, नाहीतर लांबची फेरी टाळायला माल न पोहोचवताच पावत्या विकत मिळू लागतील.

तोवर एवढंच सांगावं: महापालिकांच्या चालू वर्षातल्या रस्ते आणि पदपथांच्या किती निविदांत पुनर्वापराच्या मालाची अट आहे?

कळावे,
एक बांधकाम अभियंता, पुणे