आत्याच्या हातात स्ट्रिप देणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टर,
सप्रेम नमस्कार.

पत्र सगळ्यांनी वाचावं म्हणून लिहितोय, पण तुमचं नाव घालत नाही. घातलं तर उद्या तुमच्या दवाखान्याबाहेर रांग लागेल आणि आत्याला मिळाली ती सवड पुढच्या म्हाताऱ्या माणसाला मिळणार नाही.

काय काय बदललंत ते कागदावर आहेच. आभार मानायचेत ते एका मिनिटाचे. पिशवीतली सगळी औषधं टेबलावर मांडून झाल्यावर त्यातली एक स्ट्रिप तुम्ही आत्याच्या हातात दिलीत आणि म्हणालात, "आजी, यातली एक गोळी काढून दाखवा." आत्याने अंगठा लावला. अंगठ्याच्या बुडाशी संधिवाताने हाड वर आलंय, तिथे जोरच लागत नाही. दोनदा दाबलं, मग नखाने चांदी ओरबाडली. वहिनीचा हात सवयीने पुढे गेला, तो तुम्ही काही न बोलता हातानेच थांबवलात. पुढचा पेशंट दारातून डोकावत होता आणि तुम्ही नुसत्या बघत बसलात. शेवटी गोळी उडाली ती थेट टेबलाखाली. आत्या हसली. "घरी पण अशीच पळते. मग राहू देते. सुनेला किती हाका मारायच्या?"

एवढ्या बोलण्यात दोन वर्षांचा हिशेब लागला. गोळी पोटात जातच नव्हती, म्हणून रक्तदाब चढलेला दिसायचा. दाब चढलेला, म्हणून दाबाची गोळी अ‍ॅमलोडिपिन 5 ची 10 झाली. मग घरी दिवसपाळीची बाई आली, तिने चोख वेळेवर गोळ्या भरवायला सुरुवात केली आणि पहिल्यांदाच 10 मिलिग्रॅम रोज पोटात जाऊ लागलं. पाय सुजले. दुसऱ्या डॉक्टरांनी सुजेसाठी लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड दिलं, तेही संध्याकाळचं. रात्री पाच-पाच वेळा लघवी, म्हणून तिसऱ्यांनी लघवी रोखायला ऑक्सिब्युटिनिन दिलं. त्याने तोंड कोरडं, पोट गच्च आणि दुपारी "मी कुठे आहे" असली बडबड. बडबडीवर झोपेची क्लोनाझेपाम. आणि मग न्हाणीच्या उंबऱ्यावर ती पडली.

तिघांपैकी कुणी वाईट नव्हतं. प्रत्येकाने आपल्यापुरतं बरोबरच लिहिलं. पण आधीचं काढून टाकावं असं एकालाही वाटलं नाही. आणि हे सांगितल्याशिवाय राहवत नाही: तिघांकडेही आत्या समोर बसलेली असताना प्रश्न वहिनीला विचारला गेला. "यांना भूक लागते का? यांना झोप येते का?" बाई बहिरी नाही हो. बडोद्यात ब्याऐंशी वर्षं काढलीत तिने. मराठी, गुजराती, हिंदी, तिन्ही भाषांत भांडू शकते.

तुम्ही खुर्ची तिच्याकडे वळवलीत आणि विचारलंत, काय झालं तर बरं वाटेल? ती म्हणाली, कीर्तनाला दोन तास बसता आलं पाहिजे, मधे उठावं लागू नये. दाब किती, साखर किती, यातलं तिने काही मागितलं नाही. मग तुम्ही कीर्तनापासून सुरुवात करून एकेका गोळीकडे मागे आलात.

आत्याला पाच मिनिटं आडवी ठेवून दाब मोजलात, मग उभी करून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर ती धोक्याची खूण. आत्याचा वरचा 30 ने उतरला. बसल्या-बसल्या मोजलेल्या दाबात हे कधीच दिसलं नसतं. अ‍ॅमलोडिपिनची सूज अंगात पाणी साठल्याने येत नाही, बारीक धमन्या सैलावतात आणि रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं. लघवीच्या गोळीने ती नीट उतरत नाही, माणूस मात्र आतून सुकतो. म्हणून हृदय ठीक आहे हे बघून आधी 10 ची 5, दोन आठवड्यांनी फ्युरोसेमाइड बंद आणि त्यानंतर ऑक्सिब्युटिनिन. एका वेळी एकच, म्हणजे काही बिनसलं तर कशामुळे ते कळतं. रोज सकाळी वजन करायचं, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं किंवा धाप लागली तर लगेच फोन. क्लोनाझेपाम सगळ्यात शेवटी आणि थोडी थोडी कमी करत. ती एकदम तोडली तर झोप उडते, हातपाय थरथरतात, फिट्सुद्धा येऊ शकते. (हे पत्र वाचून कुणी घरच्या घरी गोळ्या बंद करू नयेत, कृपा करा.)

मूत्रपिंडाच्या तपासणीतलं क्रिएटिनिन 1.1, रिपोर्टवर "नॉर्मल". तुम्ही मोबाइलवर आकडेमोड करून दाखवलीत: 140 वजा वय 82, गुणिले वजन 48, भागिले (72 गुणिले 1.1), बाईमाणूस म्हणून गुणिले 0.85. उत्तर आलं 30, म्हणजे मूत्रपिंडं रक्त गाळायला बरीच कमी पडतायत. क्रिएटिनिन येतं स्नायूंतून, अंगावर मांसच नाही तर ते वाढणार कुठून? म्हणून मूत्रपिंडावाटेच बाहेर पडणारी, पायाच्या मुंग्यांवरची प्रीगॅबालिन 75 दिवसातून दोनदा होती, ती तुम्ही रात्री एकदाच केलीत.

साखरेचंही तेच. तीन महिन्यांची सरासरी (HbA1c) 6.4 आली की इतर ठिकाणी शाबासकी मिळायची. साखर उतरवणारी ग्लिमेपिराइड घेणाऱ्या या वयाच्या माणसाला 6.4 म्हणजे साखर मधूनमधून खाली घसरत असण्याची भीती. तुम्ही म्हणालात, आपल्याला 8 च्या आत पुरे. आणि एकादशीचं विचारलंत, "उपास खिचडीचा की निर्जळी?" हा प्रश्न आमच्या घरातल्याच कुणी विचारायला हवा होता. साबुदाण्याने साखर चढते, निर्जळीत ग्लिमेपिराइड घेतली तर माणूस कोसळू शकतो. निर्जळीच्या दिवशी ग्लिमेपिराइड नाही, असं तुम्ही देवनागरीत ठळक लिहून दिलंत.

मग वहिनीकडे वळलात. "दिवसातून किती वेळा जमेल? खरं सांगा." नोकरी करणाऱ्या बाईला हे विचारणारं कुणी भेटत नाही. ती म्हणाली, सकाळी आठ आणि रात्री नऊ. दुपारचं सगळं तुम्ही काढलंत नाहीतर सरकवलंत. थायरॉइडची गोळी आत्या पहाटे उपाशीपोटी स्वतः घेते आणि कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर गेलं, दोन्हींत निदान चार तास हवेतच. दिवसपाळीच्या बाईला वाचता येत नाही, म्हणून डब्यावर सूर्य आणि चंद्र काढलेत.

हे सगळं मला ठाऊक नव्हतं असं नाही. रावपुऱ्यात औषधांच्या काउंटरवर माझीच पंचवीस वर्षं गेलीत. पाकिटावर "सवार-सांज, जम्या पछी" (सकाळ-संध्याकाळ, जेवल्यावर) खरडून देताना समोरच्याला ते वाचता येतं का हे आम्ही बघत नाही. दहाची स्ट्रिप कापून सहा देतो आणि मुदतीची तारीख उरलेल्या चारांबरोबर बरणीत राहते. वेगळ्या कंपनीची, वेगळ्या रंगाची तीच दाबाची टेल्मिसार्टन हातात ठेवतो, मग म्हातारं माणूस जुनी आणि नवी दोन्ही घेतं. आत्याच्या पिशवीत पित्ताचं पँटोप्राझोल तीन नावांनी निघालं. त्यातलं एक माझ्याच हातचं होतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि काही बोलला नाहीत. त्याबद्दलही आभार.

मोठी यंत्रं आणि मोठ्या पाट्या असलेल्या ठिकाणी आम्ही बरेच पैसे घातले. माणसाच्या हाताकडे बघण्यात कसलाच खर्च नसतो, तरी ते इतकं कमी का सापडतं, कुणास ठाऊक. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून अजून पांढऱ्या कोटाकडे बघून हात जोडावेसे वाटतात.

आपला,
आत्याचा भाचा

ता. क. तुम्ही सांगितलेली वाटीची युक्ती चालते. स्ट्रिप चांदीची बाजू खाली करून वाटीच्या तोंडावर ठेवायची आणि चमच्याच्या दांड्याने वरून दाबायचं, गोळी वाटीतच पडते. दोन्हीकडून चांदीची असलेली मात्र दबत नाही, ती वहिनी रविवारी कात्रीने उघडून डब्यात भरते. सूज उतरलीय. गुरुवारच्या कीर्तनाला आत्या एकदाच उठली, तेही चहासाठी.